हॉलमध्ये आवळून ठेवलेली सायकल

४ जानेवारी, शनिवार

ही वही धर्मेशने दिली. धर्मेश म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा मुलगा, रेती-खडी-सिमेंटचा धंदा करतो. सिमेंटवाले त्याला दर वर्षी पंचवीस डायऱ्या देतात आणि तो सगळ्या भावकीत एकेक वाटतो, प्रसादासारखी. आमची दर वर्षी फोनशेजारी पडून असायची. यंदा नात म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ते हिच्यात लिही, म्हणजे मम्मीचा दुपारी डोळा लागेल." मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि होडीवाल्याचं आमच्या बाबांशी भांडण होतं, नाहीतर मी पण अजून शिकले असते. असो. अक्षर बरं आहे माझं.

आणि आज लिहायला आहेही. आज उन्नती पडली.

उन्नती म्हणजे हीच नात. सोळा पूर्ण, अकरावीला आहे. सकाळी सायकल घेऊन बारवी धरणाच्या रस्त्याला जाते. परत येताना कात्रपच्या वळणावर खडी सांडलेली होती, तिच्यावरून घसरली. खडी कोणाच्या डंपरमधली ते विचारायचं नाही. धर्मेशने न विचारताच फोन करून सांगितलं, "काकी, माझी खडी निळी असते. ही काळी होती."

कोपर सोललं, कमरेवर वांग्याएवढा काळानिळा डाग. हाड शाबूत. जयदेव, माझा मुलगा, पोरीचा बाप, अंबरनाथला कंपनीत सुपरवायझर आहे. फोन गेला तसा धावत आला. डोक्यावर हेल्मेट, पण मोटारसायकल कंपनीतच विसरला, रिक्षातून आला. हेल्मेट घालून रिक्षात बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

दारातून पहिलं वाक्य, "फ्रेमला काय झालं?"

आणि सायकलजवळ खाली बसला. एकेक नळी हाताने चाचपत होता. तीच नळी परत परत. एवढी महागाची वस्तू, चाचपणारच. पोर समोर कोपरावर हळद लावून उभी. तिच्याकडे त्याने मान वर करून बघितलंच नाही, बघवत नसल्यासारखा फ्रेमलाच कुरवाळत बसला.

ही सायकल जयदेवने दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी आणली, डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा. लोखंडाची नाही, कार्बनची. काळी, आणि इतकी हलकी की मी एका हाताने उचलते. किंमत तो लग्नाकार्यात सांगतो. मी एवढंच लिहिते की त्यात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या आणि म्हशीला हवा भरावी लागत नाही. स्वतः तो दोनदा बसला. एकदा अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत गेला आणि फोटो काढला. दुसऱ्यांदा गेला तो माझ्या भाच्याच्या टेम्पोतून सायकलसकट परत आला. मग पोर बसायला लागली, आणि तिला जी वाऱ्याची गोडी लागली ती लागलीच. बाळाजी सर म्हणून शिकवणारे आहेत, ते म्हणतात मुलीत दम आहे. सोळा फेब्रुवारीला जिल्ह्याची निवड चाचणी आहे. पहिल्या चार मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार. पोर तारखेभोवती लाल गोल काढून बसली आहे.

रात्री जेवताना जयदेव म्हणाला, "उद्यापासून रस्ता बंद."

"पप्पा, चाचणी सहा आठवड्यांवर आहे. सराव कुठे करू?"

"घरात कर."

६ जानेवारी, सोमवार

घरात सायकल चालवता येते म्हणे. त्याला ट्रेनर म्हणतात, सायकल जागच्या जागी धरून ठेवायचं यंत्र. उन्नतीने फोनवर दाखवलं. मी म्हटलं हा तर घाण्याचा बैल. ती हसली आणि कमरेला हात लावून "आई गं" म्हणाली.

तीन प्रकार आहेत. पोरीने दोनदा समजावलं, म्हणून मलाही सांगता येतं. पहिला चिमट्याचा. सायकल आहे तशी उभी करायची, दोन्ही बाजूंनी चिमटे मागच्या चाकाच्या आसाला धरतात आणि खालून एक रोलर टायरला टेकतो. दुसऱ्यात मागचं चाक काढूनच टाकायचं आणि सायकल सरळ यंत्रावर बसवायची. तिसऱ्यात तीन मोठी लाटणी असतात, त्यांच्यावर सायकल मोकळी चालवायची, कोणी धरत नाही, तोल आपला आपण.

आता गोम अशी की कार्बनला दाब सोसत नाही. लोखंड वाकतं, हे वाकत नाही, एकदम तडकतं. आणि घट्ट धरलेल्या सायकलवर पोर उभी राहून जोर लावायला लागली की सगळा पीळ फ्रेमला बसतो. म्हणून सर म्हणतात दुसरा प्रकार घ्या, सायकलीच्या मापाचा ॲक्सल, म्हणजे आस, बघून घ्या.

एवढी सोपी गोष्ट. पण जयदेव दोन दिवस फोनवर लोकांचे व्हिडिओ बघतो आहे. एक गोरा माणूस सांगतो, मग दुसरा गोरा माणूस त्याला खोटं पाडतो. श्रद्धा, माझी सून, भाजी चिरता चिरता म्हणाली, "माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा यांनी एक कागद वाचला नव्हता."

जयदेव म्हणाला, "रविवारी बैठक लावू."

१२ जानेवारी, रविवार

आमच्यात बैठकीशिवाय काही होत नाही. लग्नाची बैठक, जमिनीची बैठक, हळदीला कुठला बँड आणायचा त्याची बैठक. पूर्वी ओटीवर चटई टाकून बसायचे. आता आमची बिल्डिंग आमच्याच भाताच्या खाचरावर उभी आहे, सातव्या मजल्यावर ओटी कुठून आणणार, सोफ्यावर बसतात. मी अंदाजाने सांगते, जिथे सोफा आहे तिथे खाली बरोब्बर माझी पेर लावायची जागा. तिथे कमरेत वाकून मी जेवढं काम केलं तेवढी बोलणी आजवर त्या सोफ्यावर झाली नसतील.

धर्मेश आला. कल्पेश आला, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, शिवमंदिराकडे त्याचं ग्रीलचं वर्कशॉप आहे. टेम्पोवाला भाचा तो हाच. जयदेवने तिन्ही प्रकारांचे फोटो टीव्हीवर लावले.

"लाटण्यांचं नको," धर्मेश म्हणाला. "सायकल शिकतेय का पापड लाटतेय?"

"पडेल त्याच्यावरून," जयदेव म्हणाला. मग म्हणाला, "सायकल. सायकल पडेल."

"आणि यो काय प्रकार? मागचं चाक काढायचं? जयदेव, चाक काढलेली गाडी मी फक्त पोलीस चौकीच्या मागं बघितली. ॲक्सिडेंटची," धर्मेश म्हणाला.

जयदेवचा चेहरा असा उतरला की मी त्याला पाणी नेऊन दिलं. पाणी पिऊन म्हणाला, "मागचं चाक कोणी काढायचं नाय."

उन्नती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "काका, सरांनी तोच सांगितलाय. चिमट्याचा कार्बनला..."

"बाय, चहात साखर कमी आहे गं," धर्मेश म्हणाला.

ती साखर आणायला गेली तेवढ्यात चिमट्याचा ठरला, आणि रस्ता बंद तो बंदच. सगळ्यांनी मटण खाल्लं. रस्सा फार छान झाला होता, नारळ भाजून घातला की होतोच. मला बैठका आवडतात, घर भरतं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. वाणाला स्टीलच्या चमच्या दिल्या.

आज उल्हासनगर कॅम्प एकला गेलो, मी, जयदेव आणि उन्नती. मला न्यायचं कारण नव्हतं, मी आधीच साडी बदलून बसले होते. व्यायामाच्या सामानाचं मोठं दुकान आहे, सोनू शेठचं. सिंधी माणूस, गोड. माझ्याशी मराठी बोलला, जयदेवशी हिंदी, नोकराशी सिंधी आणि फोनवर आईशी बोलला ते काय होतं ते कळलं नाही, पण आईशी होतं एवढं कळलं.

जयदेवने चिमट्याच्या यंत्रावर हात ठेवला. सोनू शेठने विचारलं, "कार्बन है क्या, साईं? तो ये मत लो. वो चाक निकालनेवाला लो. महंगा है इसलिए नहीं बोल रहा, माताजी साथ में हैं इसलिए बोल रहा हूँ."

"नही, चाक नही निकालने का," जयदेव म्हणाला.

"बेबी चलाएगी ना? बेबी को क्या चाहिए?"

उन्नतीने तोंड उघडलं. जयदेव म्हणाला, "यही पॅक करो."

दुकानदार नको म्हणतो आणि गिऱ्हाईक द्याच म्हणतं, असं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. सोनू शेठने त्याच्यासोबत एक लोखंडी ॲक्सल दिला. म्हणाला, सायकलीचा स्वतःचा आस चिमट्यात दाबू नका, आधी हा घाला, आणि हाताने घट्ट होईल तेवढाच करा, पान्याने नाही. उन्नतीने ते दोनदा म्हणून घेतलं. जयदेव गल्ल्याशी होता.

येताना तिने मला कुल्फी दिली. मी विचारलं, "तुला कुठला हवा होता गं?" म्हणाली, "मला रस्ता हवा होता, आजी."

१८ जानेवारी, शनिवार

यंत्र बसलं. मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चाक हलणारच नव्हतं तरी ठेवलं.

उन्नती चढली आणि जोर लावला तशी सायकल जराशी डुलली. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. जयदेव ओरडला, "थांब."

कल्पेशला फोन केला. कल्पेशला कुठलीही वस्तू द्या, तो आधी तिला पिंजरा करतो. त्याच्या लग्नात पाळणा आला तोही त्याने ग्रील लावून घेतला. संध्याकाळी दोन पट्ट्या घेऊन आला, लोखंडी, आतून रबर लावलेल्या. त्या मागच्या नळीवर आवळून यंत्राला पक्क्या केल्या. जयदेव पान्याने आवळत होता.

"दादा, बस ना," कल्पेश म्हणाला.

"अजून अर्धा आटा. हलता कामा नये."

"पप्पा, ते कार्बन आहे," उन्नती म्हणाली.

"फ्रेमच्याच सेफ्टीसाठी करतोय."

अर्धा आटा म्हणता म्हणता दोन झाले. मग जयदेवने दोन्ही हातांनी सायकल हलवून बघितली. सोफा हलला, सायकल हलली नाही. तेव्हा कुठे चार जानेवारीपासून पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

२५ जानेवारी, शनिवार

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घर्रघर्र. खालच्या मजल्यावरचे विचारून गेले की आम्ही पिठाची गिरणी घातली का. मी म्हटलं हो, दळण आणा.

पोर घामाने निथळते. खाली पाण्याचं थारोळं होतं. माझं माहेर मिठागराचं, मीठ काय काय खातं ते मला कोणी शिकवू नये. आमच्याकडे विळ्याला दर वर्षी नवी मूठ लागायची आणि दाराची कडी दोन वर्षांत सुंभासारखी व्हायची. म्हणून माझ्या जुन्या साडीचा पदर हँडलपासून सीटपर्यंत झोळीसारखा बांधला, घाम फ्रेमवर आणि स्क्रूवर पडायला नको. सराव झाला की ओल्या फडक्याने पुसून कोरडी करते. उन्नती म्हणाली, आजी, हे असं विकत मिळतं. मिळत असेल. माझ्यात जरीचा काठ आहे.

तिने मला हेही सांगितलं की घरात पाय तयार होतात, पण वळण घेता येत नाही, वारा लागत नाही, आणि दुसऱ्या मुलीच्या चाकामागे कसं राहायचं ते विसरायला होतं. मी म्हटलं बापाला सांग. म्हणाली, "सांगितलं. ते म्हणाले फ्रेम बघ कशी आहे."

दुपारी बाळाजी सर आले. सर रोडके आहेत, पन्नाशीचे, पोहे दिले की नको म्हणतात आणि संपवतात. कल्पेशच्या पट्ट्या बघून त्यांनी चमचा खाली ठेवला.

"जयदेवभाऊ, हे काढा."

"मग ती डुलते ना, सर."

"डुलायलाच पाहिजे. लोक मुद्दाम खाली रबराचं फळकूट ठेवतात, डुलावी म्हणून."

मी मध्ये बोलले. मळणीला आम्ही बैल खांबाला बांधायचो तेव्हा दाव्याला ढील ठेवायचो. आखूड बांधला की त्याची मान सोलायची, खांब पण उपटायचा. सर म्हणाले, "आजी, हेच. अगदी हेच."

"ढील ठेवली आणि पडली तर?" जयदेव म्हणाला.

"कोण?" सरांनी विचारलं.

जयदेवने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, "सायकल."

पट्ट्या काही काढल्या नाहीत. सर गेल्यावर त्याने पाना घेऊन तपासल्या मात्र.

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी गणपती. धर्मेशकडे दीड दिवसाचा बसतो, सगळे तिकडेच. उन्नती आरतीला आली आणि प्रसाद घेऊन परत सायकलवर. धर्मेश सगळ्यांना सांगत होता की त्याच्याच सल्ल्याने यंत्र घेतलं. एकवीस जणांना तरी सांगितलं. जयदेवने किंमत सांगितली.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस सायकल बोलते आहे. पोर उभी राहून जोर लावते तेव्हा मागून टक आवाज येतो. बसून चालवली की गप्प. जयदेव म्हणाला, कुठलातरी बोल्ट आहे. चार बोल्ट आवळले. आवाज तसाच.

आज सर आले आणि न विचारता पट्ट्या काढल्या. रबराखाली नळीवर केसाएवढी एक रेघ. सर म्हणाले रंगाची असू शकते, नसूही शकते. त्यांनी रुपयाचं नाणं काढलं आणि नळीवर वाजवायला लागले. टिक टिक टिक. मी म्हटलं थांबा, हे मला द्या. साठ उन्हाळे मी मडकी वाजवून घेतली आहेत. कुंभार कितीही चांगला असो, मडकं बोटाने बोललं पाहिजे.

मी पुढून सुरू केलं. टिक, टिक, छान, खणखणीत. मागे आले, टिक. पट्टीच्या जागेवर आले, थप.

परत केलं. थप.

"मना काय फरक नाय वाटत," धर्मेश म्हणाला. कोणी बोलावलं नव्हतं, टीव्ही बघायला आला होता.

"काकीचं वय झालंय," असंही म्हणाला.

सरांनी कान लावला आणि दोन्ही ठिकाणी स्वतः वाजवलं. मग नाणं खिशात टाकलं. "आतून तडकली आहे. आजी बरोबर आहेत. हिच्यावर आता बसायचं नाही, कुठेच नाही. जोरात असताना सुटली तर..."

जयदेव जमिनीवर बसला. "मीच आवळलं," म्हणाला. मग उठून तोंड धुऊन आला आणि एकदम हलका झाल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे. झालं ते बरं झालं. चाचणी नकोच आता."

दोन म्हशींची वस्तू गेली आणि हा बरं झालं म्हणतो. मला काही कळलं नाही.

उन्नती सायकलजवळ गेली. माझी साडीची झोळी सोडली, घडी घातली, माझ्या हातात दिली आणि खोलीत गेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पोर जेवत नाही. मी पापलेट तळलं, अर्धं खाल्लं. पापलेट अर्धं टाकणारी ती नव्हे. कॅलेंडरवरचा लाल गोल खोडलेला नाही, पण तिकडे बघत नाही.

सरांचा फोन आला होता. त्यांच्याकडे स्वतःची जुनी सायकल आहे, ॲल्युमिनियमची, हिरवी. मापात बसते. देतो म्हणाले. जयदेवने सांगितलं, बैठकीत रस्ता बंद ठरलाय.

श्रद्धा स्वयंपाकघरात त्याला म्हणाली, अगदी हळू, मी डाळ निवडत होते म्हणून ऐकू आलं, "तुम्हाला भीती वाटते तर भीती वाटते म्हणा. महिनाभर नुसतं फ्रेम फ्रेम लावलंय." तो म्हणाला, "तू तिचं कोपर बघितलंस ना?" ती म्हणाली, "मी रोज बघते. मीच मलम लावते. तुम्ही एकदा तरी बघा."

सायकल तर मोडलेली, आता भीती कसली ते मला तेव्हा लक्षात आलं नाही. मग डाळ धुताना आलं. त्या रिक्षात हेल्मेट घालून बसलेल्या माणसाला मी हसले होते.

बैठकीत ठरलेलं मोडायला बैठकच लागते. आणि थोरली जाऊ गेल्यापासून भावकीत सगळ्यात थोरली मी आहे. ही गोष्ट मलाच कधी सुचली नव्हती. मी धर्मेशला आणि कल्पेशला फोन लावला. म्हटलं, रविवारी या, मी बैठक लावली आहे.

"कशाबद्दल, काकी?" धर्मेशने विचारलं.

"बोंबलाच्या सुक्याबद्दल," मी म्हटलं. नाहीतर आला नसता.

९ फेब्रुवारी, रविवार

आले सगळे. बाळाजी सरांनाही बोलावलं. बोंबील गॅसवर ठेवले आणि म्हटलं, बोलणं झाल्याशिवाय वाढणार नाही. वास सगळीकडे होताच.

मी उन्नतीला सोफ्यावर बसवलं, मधोमध. चहा धर्मेशला करायला सांगितला. त्याला साखर कुठे असते ते माहीत नव्हतं. श्रद्धा उठली नाही. उठत होती, मी हात धरला.

"बोल बाय," मी म्हटलं.

उन्नती आधी चाचरली. मग म्हणाली, "पप्पा, मला घरात बांधून ठेवलं म्हणून मी पडायची थांबणार नाही. मी त्या दिवशी पडले कारण वळणावर ब्रेक उशिरा दाबला. ते मला रस्त्यावरच शिकता येईल. सात दिवस आहेत. सरांच्या सायकलवर रोज दोन तास द्या, सकाळी सहाला, सर सोबत असतील. पहिल्या चारात नाही आले तर मी काही म्हणणार नाही."

"सरांची सायकल कितीची?" धर्मेश म्हणाला.

"धर्मेश," मी म्हटलं, "चहा."

जयदेव पोरीच्या कोपराकडे बघत होता. तिथे आता नवी कातडी आली आहे, गुलाबी. बघता बघता त्याने हात पुढे केला आणि अंगठ्याने तिथे हळूच दाबून बघितलं, चार तारखेला सायकलची एकेक नळी चाचपली होती ना, त्याच तऱ्हेने.

"दुखतं?"

"नाही."

"तेव्हा दुखलं?"

"खूप."

तो मान हलवत राहिला. कल्पेश म्हणाला, "दादा, मी रोज टेम्पो मागे ठेवतो की. मागून कोणाची गाडी येणार नाय."

"तू पिंजरा लावू नको फक्त टेम्पोला," श्रद्धा म्हणाली.

जयदेव म्हणाला, "फक्त चाचणीपर्यंत. आणि चाचणीला टेम्पोने जायचं, टेम्पोने यायचं. त्या दिवशी गर्दी असते गाड्यांची." ठरलं. मी बोंबील वाढले. सर नको म्हणाले आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. चहा पांचट झाला होता, पण धर्मेशला मी चांगला झाला म्हणून सांगितलं. नाहीतर परत करणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रोज सहाला जातात. जयदेव टेम्पोत बसून जातो, मग तिथूनच कंपनीत. श्रद्धा म्हणते त्याला सीटचा दांडा धरून धरून तळहाताला घट्टे पडले आहेत. काल पोर वळणावर एकदा घसरली, पण सावरली. त्याने टेम्पोतून उडी मारली आणि मग परत आत बसला. हे कल्पेशने सांगितलं. जयदेवने सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी गेले. मला नेणार नव्हते, पण मी पहाटेच टेम्पोत जाऊन बसले होते, पुढच्या सीटवर, डब्यासकट.

बारवीच्या रस्त्यावर बावीस मुली, काळ्या, निळ्या, एकीच्या सायकलला तर सोन्याचा रंग. आमची हिरवी, तिचा रंग ठिकठिकाणी उडालेला. मी विचारलं, इथे बसून काय करायचं? जयदेव म्हणाला, वाट बघायची. दीड तास वाट बघितली आणि दोन वेळा त्या आमच्या समोरून गेल्या, दोन्ही वेळा पदर सावरेपर्यंत संपलं. सायकल शर्यत बघायची तर डोळे उघडेच ठेवून बसावं लागतं. शेजारी एका मुलीची आई होती, अंबरनाथची, तिला मी अळूवडी दिली. तिची मुलगी सोनेरी सायकलवाली. तिने मला विचारलं की ही वडी खमंग कशी होते. मी सांगत होते, चिंचेत गूळ जरा जास्त, तेवढ्यात सगळे ओरडायला लागले आणि आमची पोर तिसरी की चौथी रेघेवरून गेली. मला विचारू नका, मी चिंचेतच होते.

चौथी. सरांनी येऊन सांगितलं. चार घेणार होते, चौथी. सोनेरीवाली पाचवी. मी त्या बाईला उरलेल्या सगळ्या वड्या देऊन टाकल्या, दुसरं काय करणार.

उन्नती रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसली होती, तोंड लालबुंद, नाकाला धूळ. जयदेव तिच्यासमोर उकिडवा बसला. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "पाणी पी." ती प्यायली. मग म्हणाला, "अजून पी."

कल्पेश सायकल टेम्पोत चढवायला आला. उन्नतीने हँडल सोडलं नाही.

"पप्पा, मी चालवत घरी येऊ?"

सर दुसरीकडे बघायला लागले. कल्पेश पण. परत जायचा रस्ता उताराचा आहे, तीन वळणं, रविवार म्हणून धरणावर येणाऱ्या गाड्या. ठरलं होतं टेम्पोने यायचं. मी तोंडात सुपारी टाकली, म्हणजे माझ्याकडून काही बोललं जाणार नाही.

जयदेव उठला. तिच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बघितला, आत बोट घातलं. पट्टा घट्ट होता. त्याने तो एक घर सैल केला.

"श्वास घेता आला पाहिजे," म्हणाला. आणि टेम्पोत येऊन बसला.

आम्ही मागून निघालो, कल्पेश, मध्ये मी, दाराशी जयदेव. पोर पुढे. थोडा वेळ तिच्या पाठीवरचा नंबर वाचता येत होता. मग उतार लागला.

"कल्पेश, हळू घे रे," मी म्हटलं.

"आत्या, मी पंचेचाळीसवर आहे. हळू घेतली तर दिसायची पण नाय."

नंबर दिसेनासा झाला. नुसती पाठ, मग नुसता हिरवा ठिपका. जयदेव काचेला नाक लावून बसला होता. मला वाटलं आता म्हणेल हॉर्न वाजव, थांबव तिला.

"दाब," तो म्हणाला.

कल्पेशने ॲक्सिलरेटर दाबला. तरी ती पुढेच. पहिलं वळण आलं, ती उजवीकडे वाकली, अगदी वाऱ्यातल्या लोंबीसारखी. जयदेव सीटवर उजवीकडे वाकला. त्याच्या मागोमाग मी वाकले. कल्पेश पण स्टिअरिंग धरून वाकला. टेम्पो तेवढा वाकला नाही.